भरल्या गाडीची ट्रायल

अड्याळची मंडई, म्हणजे दिवाळीनंतरची जत्रा, तोंडावर आली आणि भोजराजच्या गाडीचे ब्रेक किंचाळू लागले. भोजराजला मनापासून आनंद झाला. मंडईला पाहुणे आणायचे, त्यांना कोंबडं खाऊ घालायचं आणि रात्री नाटकाला न्यायचं, ही झाडीपट्टीची रीत. पण मेहुणी रिता तीन वर्षं आली नव्हती. आणायला घरचं माणूस आलं नाही तर बोलावणंच झालं नाही, असं तिच्या सासरी, वरठीला मानत. आणि वरठीला न जाण्यासाठी भोजराजकडे दर वर्षी एक भक्कम कारण तयार असे. या वर्षी ते गाडीनेच पुरवलं.

"अशा ब्रेकवर लेकराबाळाले आनू काय? कोनाचा जीव गेला म्हंजे?" तो बायकोला म्हणाला.

"मंग पॅड बदला ना," दीपमाला म्हणाली.

"तुलाराम मिस्त्री बावीसशे सांगून राहिला. बावीसशे! तेवढ्यात मानूस ब्रेक न लावताच फिरते."

दीपमाला शिलाई मशीनवर बसली होती. गावातल्या निम्म्या बायकांचे ब्लाउज तीच शिवायची. मागच्या वर्षी नाटकात शेजारी बहिणीसाठी धरलेली जागा रात्रभर रिकामी राहिली होती, ते तिला फार लागलं होतं.  तिचं मशीन जोरात चालू लागलं.

दुसऱ्या दिवशी चहा देताना ती सहज म्हणाली, "रिताचा फोन होता. धर्मेंद्रजीच्या ओळखीचं दुकान हाय म्हने भंडाऱ्यात. आठशेत पॅड भेटते. बसवून बी तेच देते, फिटर हाय ना ते. पन जाऊ द्या. तुमाले कुठं जमते."

पवनीच्या बाजारात वांगी स्वस्त आहेत असं कळलं, तर गाडी काढून पवनीला जाणारा हा माणूस. त्याचा चहा अर्धाच राहिला.

"काहून नाही जमनार?"

"ब्रेक नाही ना."

"गाडी चालवनारा कोन हाय ते पाय!"

चालवणारा निघाला. सगळा रस्ता त्याने सेकंड गिअरवर काढला. भंडाऱ्याच्या चौकात ब्रेकचा असा काही आवाज झाला की भाजीवाल्या बायांनी कानांवर हात ठेवले आणि पुढचा ट्रकवाला आपलंच काही तुटलं म्हणून खाली उतरला. हॉर्न वाजवायची गरजच पडली नाही, हीसुद्धा भोजराजच्या लेखी बचत होती. वरठीला साडू धर्मेंद्रच्या दारातल्या रेतीच्या ढिगाने त्याला एकदाचं थांबवलं.

धर्मेंद्रने चाकं काढून पाहिली. "भाऊ, याच्यात पॅड कुठं हाय? नुस्तं लोखंड घासून राहिलं."

त्याने नवे पॅड बसवले, मोजून आठशे घेतले. भोजराजने त्याच्या पाठीवर थाप मारली. बावीसशे सांगणाऱ्या तुलारामचं तोंड आता पाहण्यासारखं होणार होतं.

"ट्रायल घ्या लागते पन," धर्मेंद्र हात पुसत म्हणाला. "खाली गाडी कोनतीबी थांबते. भरली गाडी थांबली पायजे."

"हे मलेबी मालूम हाय!" भोजराज म्हणाला. त्याला मालूम नव्हतं.

वजनासाठी मागे रिता, तिची दोन लेकरं आणि सासू धुरपताबाई बसल्या. पुढे धर्मेंद्र. तरी मागची बाजू हलकीच आहे असं भोजराजलाच वाटलं. दाराशी दोन गच्च भरलेल्या बॅगा दिसल्या, त्या त्याने स्वतः उचलून डिकीत ठेवल्या.

पहिल्या वळणावर गाडी थांबली. आवाज नाही, काही नाही. चौकात थांबली. "अजून एकदा, मोठेबाबा!" लेकरं ओरडली. भोजराज अजून एकदा थांबला. आठशे रुपयांत असं थांबायला मिळतं म्हटल्यावर तो मोकळ्या रस्त्यावरही थांबू लागला. असं थांबत थांबत भंडारा गेलं, पहेला आलं.

"इतक्या दूर आलोच हावो," धुरपताबाई मागून म्हणाल्या, "तं मंडई पाहूनच जाऊ. तुमी आनाले आले, नाही म्हनता येते काय?"

भोजराजने तोंड उघडलं. पण कारण तर त्याने नुकतंच बदलून घेतलं होतं.

अंगणात गाडी थांबली आणि बहिणी एकमेकींच्या गळ्यात पडल्या. दीपमालाच्या डोळ्यांत पाणीच आलं. स्वयंपाकघरात गेल्यावर रिता हळूच म्हणाली, "ताई, दुकानवाल्यानं पुरे सतराशे घेतले. तू पाठवले ते नवशे जमून गेले. भाऊजीले काही नाही सांगितलं."

"हळू बोल. मसाला वाट."

बाहेर भोजराजने तुलाराम मिस्त्रीला रस्त्यातच गाठलं होतं. "आठशे! फिटिंगसंगट! तुमी लुटून राहिले गावाले." मग साडूच्या खांद्यावर हात टाकून तो आणखी मोठ्याने म्हणाला, "आता पुढच्या मंडईले क्लचप्लेट! मी येतोच वरठीले तुमाले घ्याले. हजारात बसवून देसान ना?"

धर्मेंद्रने घाबरून स्वयंपाकघराच्या दाराकडे पाहिलं. दारात दीपमाला उभी होती. पुढच्या वर्षीचं बोलावणं नवऱ्याच्या तोंडून तिने सगळ्या गल्लीसमोर ऐकलं होतं. तिने मान हलवून होकार दिला, आणि उद्यापासून ब्लाउजची शिलाई वीस रुपयांनी वाढवायचं ठरवून टाकलं.