लुटुपुटीचं ठाणं

आमच्या शेजारचे अण्णा रोज सकाळी पूजा आटोपली, की रेल्वेतली जुनी टोपी डोक्यावर चढवत, ओसरीवरच्या खुर्चीत बसत आणि येईल त्याच्या अंगावर खेकसत. "काय रे ए! कशाला आलास? कुणी पाठवलं तुला?" नवख्याला वाटे, म्हातारा भ्रमिष्ट आहे. लोणावळ्यात आणि आसपासच्या वाड्यांत मात्र सगळ्यांना ठाऊक होतं, की टोपी चढली म्हणजे अण्णा अण्णा नसतात, फौजदार असतात.

ही गेल्या महायुद्धाच्या आधीची, इंग्रजी अमलातली गोष्ट. अण्णा रेल्वेत गार्ड होते. खंडाळ्याच्या घाटात इंजिनावर आवाज चढवून बोलण्यात उमर गेली. पेन्शन झाली, बायको गेली, आवाज तेवढा राहिला.

त्या काळी पोलिसांविरुद्ध तक्रार करायची, तर ती पोलिसांकडेच करायची अशी मोठी सोय होती. शिपायानं कोंबडी उचलली म्हणून एखादा ठाण्यावर जाई. "काय रे!" एवढं ऐकलं, की "काय न्हाई सायेब, राम राम घालाया आलतो," म्हणून परत येई. अण्णांना याचा फार संताप. "पोलिसांवर डोळा ठेवायचा कुणी? कलेक्टर पुण्यात, लाटसाहेब मुंबईत. इथं आपणच आहोत!" म्हणून ते लोकांकडून तालीम करून घेत. आधी इथं ओरडा खायचा, इथं आवाज फुटला की मग ठाण्यावर जायचं. कुणी पुटपुटलं, की खुर्चीचा हात आपटून म्हणत, "हळू तक्रार ऐकली जाणार नाही!"

हवालदाराचं काम माझ्याकडे. माझ्यात दुसरा काही गुण नव्हता, पोट तेवढं होतं. अण्णांच्या मागे मिशीवर हात फिरवत उभं राहायचं. "घरात मांजर हाकलताना तुमचा आवाज निघत नाही," आमची ही म्हणे, "आणि तिथं म्हणे हवालदार!"

एकदा भुशीच्या वरच्या वाडीतली ठकूबाई आली. रानात लाकडं तोडून मोळ्या बाजारात विकायची. शिपायानं तिचा कोयता काढून घेतला होता, हत्यार घेऊन बाजारात फिरते म्हणून. कोयता नाही तर मोळी नाही, आणि मोळी नाही तर भाकरी नाही. वर त्याच कोयत्यानं शिपायाच्या घरी बंबाचं सरपण फुटत होतं, ते तिनं स्वतः पाहिलेलं.

"काय गं ए!" अण्णा गरजले.

ठकूबाई खांबामागे गेली. "आबा, ऱ्हाऊ द्या. मी दातानं लाकडं तोडीन."

"आबा कोण? फौजदार म्हण! आणि हळू तक्रार ऐकली जाणार नाही!"

पण बाई चिवट. चार-पाच दिवसांत तिचा आवाज असा फुटला, की पलीकडच्या आळीतून लोक बघायला आले. मी दोन पावलं मागं सरलो, मिशीसकट.

मग आम्ही ठाण्यावर गेलो. अण्णा आणि मी दाराबाहेर उभे. फौजदार नुकताच बदलून आलेला, तरुण. मऊ आवाजात म्हणाला, "या बाई, बसा. काय झालं?"

ठकूबाई दाराच्या चौकटीला टेकली.

"घाबरू नका. सावकाश सांगा."

याची तालीमच झाली नव्हती! शेवटी ती काकुळतीला येऊन म्हणाली, "सायेब, आदी वरडा की. मंग मला बोलाया येतंय."

फौजदार गोंधळून शिपायाकडे बघू लागला. एवढ्यात बाहेरून अण्णांचा आवाज आला, "काय गं ए! कशाला आलीस?" आणि ठकूबाई सुटली. कोयता, शिपाई, बंब, सरपण, कुठं न अडखळता. संध्याकाळी कोयता परत आला, आणि शिपाई तो स्वतः पोचवायला आला.

फौजदार भला निघाला, आणि इथंच घोटाळा झाला. लोक थेट त्याच्याकडे जाऊ लागले, अण्णांचं ठाणं ओस पडलं. टोपी घालून ते बसत. पोस्टमनवर खेकसून बघितलं, पण तो हसून पुढं गेला.

ठकूबाई मात्र बाजाराला येता-जाता अण्णांच्या अंगणात एक मोळी टाकून जाई. एका सकाळी ती आली ती तडक खुर्चीपुढं उभी राहिली. मी नेमका तिथंच होतो.

"सायेब, माजी तक्रार हाय."

अण्णा खुलले. टोपी सारखी केली. "काय गं ए! कुणाविरुद्ध?"

"हितल्या गारड आबाविरुद्ध! मी मोळी टाकते, ती तितंच. मागलीबी तितंच. चूल पेटत न्हाई. म्हातारा एकलाच फुटाणं खाऊन बसतोय. असा वाळून गेला तर जबाबदार कोन? बोला!"

अण्णांनी तोंड उघडलं. आवाज फुटेना. इंजिनाला दाबून टाकणारा आवाज, पण ओठ नुसते हलले.

मग मी हवालदार असल्याचं मला आठवलं. मिशीवर हात फिरवून म्हणालो, "साहेब, आरोपीला रोज संध्याकाळी माझ्या घरी हजर करतो. आज पिठलं-भाकरी आहे."

अण्णांनी टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. जेमतेम ऐकू येईल असं म्हणाले, "आरोपीला पिठल्यात लसूण जास्त लागतो."

ठकूबाईनं कमरेवर हात ठेवले.

"वरडून सांगा, आबा. हळू तक्रार ऐकली जानार न्हाई!"