हवालदार आत बसलेत

लग्नाला आठ दिवस उरले होते. मांडव कुणी घालायचा, वऱ्हाडाला कुणाच्या ओसरीवर उतरवायचं, भात किती शिजवायचा, सगळं ठरलं होतं. चांगोच्या घरात ठरायचं राहिलं होतं ते एकच, हवालदाराचं काय करायचं.

हवालदार हा चांगोचा कुत्रा. अंगानं वासराएवढा, रंगानं तांबडा, आणि तोंडावर काळी झाक अशी की लांबून झुपकेदार मिशा वाटाव्यात. त्या मिशांवरूनच चांगोच्या लेकीनं, जनीनं, त्याचं नाव ठेवलं होतं. कशेळ्याच्या बाजाराच्या दिवशी एका टोपलीमागं कुंईकुंई करत बसलेलं ते पिल्लू तिनं ओच्यात घालून घरी आणलं, त्याला चार वर्षं झाली. त्याचं रूप बघून परका माणूस अंगणाबाहेरच उभा राही. घरातल्यांना मात्र खरं काय ते ठाऊक होतं. ढग गडगडला की हवालदार चुलीमागं. पत्र्यावर आंबा पडला की हवालदार चुलीमागं. आणि फटाका वाजला तर चूलही पुरत नसे. गेल्या दिवाळीत पहिल्याच माळेला जो पळाला, तो तिसऱ्या दिवशी घाटात ठाकुरवाडीला रुळाच्या कडेला थरथरत बसलेला सापडला. चांगोनं त्याला खांद्यावर घालून खाली आणलं. कारण चालवत आणावं, तर प्रत्येक इंजिनाच्या शिट्टीला तो पुन्हा घाट चढायला लागे.

वऱ्हाड मोहोपाड्याहून यायचं होतं, आणि फटाके भरपूर आणणार असा निरोप मुलाच्या काकानं आधीच धाडला होता. चांगोची बायको अंबूबाई म्हणाली, लग्नाच्या दिवशी कुत्र्याला शेतावरच्या खोपीत बांधून ठेवू या. जनी निवडत असलेलं तांदळाचं सूप खाली ठेवून शांतपणे म्हणाली, "बाबा, तो दावं तोडून पळाला ना, तर मी मुंडावळ्यांसकट त्याच्यामागं जाईन. मग मला बोलू नका."

ती बोलल्याप्रमाणं करते हे चांगोला माहीत होतं. दुसऱ्या दिवशी तो कर्जतला गुरांच्या डॉक्टरकडं गेला. डॉक्टर तरुण होते, आणि म्हैस सोडून दुसऱ्या जनावराबद्दल कुणीतरी विचारतंय याचाच त्यांना आनंद झाला. त्यांनी सगळं नीट समजावून सांगितलं. आतली अंधारी खोली बघायची. खिडकीला गोणपाट लावायचं. छातीभोवती जुनं लुगडं घट्ट गुंडाळायचं, म्हणजे जनावराला धीर येतो. ओरडायचं नाही, दटावायचं नाही, हलक्या आवाजात बोलत राहायचं. आधी चार दिवस बारीक आवाजाची सवय करायची, आणि आवाज झाला रे झाला की तोंडात काहीतरी आवडीचं द्यायचं. मुख्य म्हणजे सगळा वेळ त्याच्या भरवशाचं माणूस जवळ हवं.

चांगोनं सगळं मनावर घेतलं. भाताच्या कणग्या ठेवायच्या आतल्या खोलीत तो रोज सकाळी हवालदाराला घेऊन बसे, रॉकेलच्या रिकाम्या डब्यावर चमच्यानं टक् करी आणि सुक्या बोंबलाचा तुकडा पुढं धरी. टक्, बोंबील. टक्, बोंबील. चौथ्या दिवशी हवालदार डबा दिसला की शेपूट हलवू लागला. पाचव्या दिवशी अंबूबाईनं बोंबलांचा हारा उघडून पाहिला आणि विचारलं, लग्न लेकीचं हाय का कुत्र्याचं. पण तिनंच मग आपलं जुनं लुगडं काढून दिलं.

हवालदाराच्या भरवशाची माणसं तीनच होती. जनी तर नवरी. चांगो नवरीचा बाप. राहिला अंबूबाईचा भाऊ सखा. वऱ्हाड मारुतीच्या देवळापासून मांडवात येईपर्यंत सखानं आत बसायचं, असं पक्कं झालं. मुहूर्त गोरजाचा होता.

लग्नाच्या दिवशी चार वाजता निरोप आला की भांड्यांचा टेंपो खोपोलीच्या रस्त्यात बंद पडलाय. वरण शिजवायची पातेली त्यातच होती. सखा बैलगाडी जुंपून गेला. जाताना म्हणाला, वऱ्हाड यायच्या आत येतो. वऱ्हाड मात्र अर्धा तास आधीच आलं, आणि देवळापाशी पहिला सुतळी बाँब वाजला तेव्हा चांगो नवं धोतर आणि गुलाबी फेटा घालून सनईवाल्याला जागा दाखवत होता. तो तसाच आत धावला.

हवालदार कणगीमागं डोकं घालून थरथरत होता. चांगोनं त्याला लुगड्यात गुंडाळलं, मांडीवर घेतलं आणि हळूहळू बोलू लागला. "काय नाय रं, पाव्हणं हायत. येतील, जेवतील, जातील. तुला कोण काय करतंय." बाहेर माळ लागली. चांगोनं बोंबील पुढं केला. हवालदारानं तो हुंगला, पण खाल्ला नाही. माळ संपली, चांगो उठू लागला, तोच दुसरी लागली. असं तीनदा झालं. शेवटी हवालदारानं त्याच्या धोतराचा सोगा तोंडात धरला आणि डोळे मिटून घेतले. आता उठायचं तर धोतर इथंच ठेवून जावं लागलं असतं.

बाहेर काय चाललं होतं ते चांगोला नंतर कळलं. वाजंत्री मांडवाच्या दाराशी आली, व्याहीभेटीची वेळ झाली, आणि मुलीचा बाप दिसेना. मुलाच्या काकानं शेजारच्या विमलबाईला विचारलं. विमलबाईच्या हातात ओवाळायचं ताट होतं, दिवा वाऱ्यानं विझू पाहत होता, सगळं लक्ष त्या दिव्याकडं. ती म्हणाली, "चांगोदादा आत हाय. हवालदाराजवळ बसलाय. हवालदारानं सोडल्याबिगर कसा येईल तो?"

काका दोन पावलं मागं सरला. त्यानं शेजारच्याला सांगितलं की आत पोलीस आलेत. शेजारच्यानं त्याच्या शेजारच्याला सांगितलं की मुलीच्या बापाला धरलंय. कुणी म्हणालं दारूचं प्रकरण असेल, कुणी म्हणालं जमिनीचं. वरातीच्या शेपटाला बातमी पोचली तेव्हा घरामागं जीप उभी होती आणि दोन शिपाई मागच्या दारावर होते. वाजंत्रीवाल्यांनी वाद्यं खाली ठेवली. फटाक्याची पेटी ज्याच्या डोक्यावर होती, त्यानं ती हळूच दुसऱ्याच्या हातात दिली. दोघी-तिघी बायका म्हणू लागल्या, असल्या घरची सोयरीक नको, पोराला घेऊन माघारी चला.

आत चांगोला एवढंच कळलं की सगळं एकदम शांत झालं. त्याला बरं वाटलं. लोकांना जनावराची दया आली म्हणायची, असं त्याच्या मनात आलं. हवालदारानंही बोंबील खाल्ला. आणि लगेच सोगा पुन्हा तोंडात धरला.

एवढ्यात दार किलकिलं झालं आणि व्याही आत आले. गोमा हे कारखान्यात मुकादम. उंचेपुरे, कडक, साखरपुड्याला एकदाही न हसलेले. व्याहीभेट सोडून आपण इथं जमिनीवर, मांडीवर कुत्रं, धोतर त्याच्या तोंडात. आता हा माणूस लग्न मोडूनच जाणार.

पण गोमा उजेडातून अंधारात आलेले. त्यांना कणग्यांशिवाय काही दिसत नव्हतं. त्यांनी दार मागं लोटून घेतलं आणि अंधाराला हात जोडले.

"हवालदारसाहेब, मी मुलाचा बाप. व्याह्यानं काय केलं असंल नसंल, मला ठावं नाय. काय असंल ते उद्या माझ्याशी बोला, मी चौकीवर येतो. पण आज लगीन हुंदे. पोरगी आता आमची हाय. तिच्या अक्षता मी थांबू देणार नाय."

गेले दोन महिने या माणसाच्या नुसत्या खाकरण्यानं चांगोची झोप उडत असे, आणि तोच आता पोलिसापुढं, म्हणजे तो ज्याला पोलीस समजत होता त्याच्यापुढं, आपल्या लेकीसाठी उभा होता. चांगो खरं सांगणार, तोच बाहेर कुणाच्या तरी हातून राहिलेला एक सुतळी बाँब खिडकीखालीच वाजला.

हवालदार उडाला. पण त्याच्याआधी गोमा उडाले. धूळ खाली बसली तेव्हा गोमा दोन कणग्यांच्या फटीत बसले होते, फेटा गळ्यात आला होता, आणि दोन्ही हातांनी त्यांनी हवालदाराला कवटाळलं होतं. हवालदार चकित होऊन त्यांच्याकडं पाहत होता. आपल्यापेक्षा भित्रं कुणी त्यानं जन्मात पाहिलं नव्हतं. थोड्या वेळानं त्यानं गोमांचा कान चाटला आणि चांगोचा सोगा पुन्हा तोंडात धरला.

"हा कोण?" गोमांनी विचारलं.

"हवालदार," चांगो म्हणाला. आणि मग त्यानं सगळं सांगितलं.

कुत्र्याला न सोडताच गोमा म्हणाले, "आमचा बाप दगडाच्या खाणीत होता. मी लहान असताना सुरुंग लावायचे, तवापासून हे असं. घरात कुणाला ठावं नाय. मुकादम म्हणून धाकात ठेवलेत सगळे. भावानं फटाके आणले, त्याला काय म्हणून थांबवू? आता पोलीस आलेत म्हटल्यावर सगळे मागं सरले. मी म्हटलं, मी बघतो. लोकांना वाटलं काय छातीचा माणूस हाय. मला एवढंच दिसत होतं की ह्या खोलीला भिंती जाड हायत."

डॉक्टरांनी सांगितलेलं चांगोला तोंडपाठ होतं. त्यानं गोमांचं उपरणं घेतलं, त्यांच्या छातीभोवती दोन वेढे घट्ट आवळून गाठ मारली, आणि हलक्या आवाजात बोलू लागला. बोलता बोलता सवयीनं त्यानं बोंबलाचा तुकडाही पुढं केला. गोमांनी तो घेतला आणि खाल्ला.

"बरं वाटतंय," ते म्हणाले. जरा थांबून म्हणाले, "मला आणखी घट्ट बांधा."

बाहेरून भटजींनी दुसऱ्यांदा हाक मारली. मुहूर्त जवळ आला होता. आता बाहेर जायचं म्हणजे पेटीभर फटाक्यांत जायचं, आणि दोघंही व्याही गेले की हवालदार आत एकटा. चांगो म्हणाला, खरं सांगून टाकू. गोमांनी नाही म्हणून मान हलवली. मुकादमकीची सगळी वर्षं त्यांच्या कपाळावर गोळा झाल्यासारखी दिसली. मग ते उठले, फेटा डोक्यावर ठीक केला, आणि दार उघडून ओसरीवर उभे राहिले. चांगोनं हवालदाराच्या तोंडातून सोगा सोडवला. या वेळी त्यानं तो सोडला.

गोमांनी वऱ्हाडाकडं एकदा पाहिलं आणि सांगितलं, "बोलणं झालं. व्याह्यांचा काय एक दोष नाय, लगीन होणार. पण हवालदार रात्रभर इथंच हायत, आणि त्यांना आवाज चालत नाय. एक जरी फटाका वाजला, तर पुढचं मला विचारू नका."

काकानं फटाक्यांची पेटी स्वतःच्या हातानं विहिरीवर नेऊन ओली करून आणली. वाजंत्रीवाले असे हळू वाजवत होते की मंगलाष्टकांचा शब्द न् शब्द शेवटच्या माणसापर्यंत ऐकू गेला. पोरांनी पळापळ केली तरी मोठी माणसं आतल्या खोलीकडं बोट दाखवून त्यांना गप्प करत. भटजी म्हणाले, एवढं शिस्तीचं लग्न या पंचक्रोशीत मी लावलेलं नाही. अक्षता पडल्या, तेव्हा आतल्या खोलीत हवालदार लुगड्यात गुरफटून घोरत होता. तो आवाज ओसरीपर्यंत येत होता. साहेब ड्यूटीवर झोपलेत, असं काकानं बाजूच्याला कानात सांगितलं, आणि दोघं आणखी हळू बोलू लागले.

सखा पातेली घेऊन अंधार पडता पडता आला आणि वरणाची एकदाची सोय झाली. पंगत बसायच्या आधी काकानं केळीच्या पानावर भात, वरण, वर तूप, बाजूला चार जिलब्या असं साग्रसंगीत वाढून घेतलं आणि चांगोच्या हातात दिलं. साहेबांना आधी जेवू द्या, म्हणाला. चांगोनं पान आत नेलं. परत आला तेव्हा काका दाराशीच उभा होता.

"जेवले?"

"जेवले."

"काय म्हणाले?"

चांगोनं क्षणभर विचार केला. "आणखी जिलबी हाय का, असं बघत होते."

काका लगबगीनं जिलब्या आणायला गेला.

पाठवणीच्या वेळी जनी सगळ्यांच्या गळ्यात पडून रडली आणि शेवटी आत गेली. ती बाहेर येईपर्यंत वऱ्हाड थांबलं. गोमांनी कुणाला घाई करू दिली नाही. मग चांगोजवळ येऊन, इकडंतिकडं पाहून, त्यांनी हळूच विचारलं, दिवाळीला तुमच्या वाडीत फटाके फार होतात का. चांगो म्हणाला, होतात, पण खोली तुमी बघितलीच हाय.

दिवाळी आली. जनीचा पहिला दिवाळसण होता. लेक-जावई नरकचतुर्दशीला यायचे होते. आदल्या दिवशी दुपारी अंबूबाई अंगण सारवत असताना फाटकातून गोमा एकटेच आत आले, काखेत वळकटी. पोरांच्या आधी घरची व्यवस्था बघायला आलो, असं ते म्हणाले. शेजारच्या पोरानं तेवढ्यात पहिली लवंगी लावली. अंबूबाईनं हात धुतले, चहा टाकला आणि दोन कप घेऊन ओसरीवर आली, तर ओसरीवर कुणीच नव्हतं. ना व्याही, ना चांगो, ना कुत्रा. आतल्या खोलीचं दार तिघांनी आतून लावून घेतलं होतं.