परतीची वायर

मोटारीच्या डॅशबोर्डवर घरातला काळा, गोल, खटकन वाजणारा स्विच बसवलेला मी आयुष्यात एकदाच पाहिला, आणि तोही लाकडी ब्लॉकवर. शेजारी चिनी मातीचा फ्यूज होता. फ्यूजला हळदकुंकू लावलेलं होतं. ही गाडी आबा घवाळींची. तिच्यात बसलं की मोटारीत बसल्यासारखं वाटतच नसे, कुणाच्या तरी माजघरात बसल्यासारखं वाटे.

आबा म्हणजे वीज खात्यातले निवृत्त वायरमन. चौऱ्याऐंशी-पंच्याऐंशीच्या सुमाराला मी कोल्हापूरकडून रत्नागिरीच्या शाळेत मास्तर म्हणून आलो आणि त्यांच्या शेजारच्या दोन खोल्यांत भाड्याने राहू लागलो. पहिल्याच सुट्टीला गावी निघालो, तर आबांनी कुंपणापलीकडून विचारलं, "मास्तर, परतीची वायर घातलीत काय?" मी बॅग हातात घेऊन नुसता बघत राहिलो. परतीचं तिकीट काढलंत का, एवढंच त्यांना विचारायचं होतं.

जगातल्या सगळ्या घोटाळ्यांचं मूळ आबांच्या मते एकच होतं. लोक जाणारी वायर हौसेने घालतात आणि परतीची विसरतात. वीज निघाली तिथे परत आली पाहिजे, तरच मधला दिवा लागतो. हा नियम ते दिव्यापुरता ठेवत नसत. आळीतला एखादा मुलगा मुंबईला नोकरीला निघाला की त्याच्या आईला धीर द्यायचा सोडून आबा विचारत, परतीची वायर आहे का? नवी सून रुसून माहेरी गेली, तरी प्रश्न तोच. त्यामुळे शुभकार्याला निघताना लोक आबांचं दार टाळून जात.

गाडी मुळात एका म्हाताऱ्या डॉक्टरांची. विलायती, गोलमटोल, पन्नास सालच्या आसपासची. डॉक्टर कायमचे मुंबईला मुलाकडे निघाले तेव्हा ती आबांच्या अंगणात लोटून ठेवून गेले. इंजिन धडधाकट होतं, पण वायरिंग उंदरांनी खाल्लं होतं. उंदरांच्या तावडीतून उरलं ते खाऱ्या हवेने संपवलं. वायरीला बोट लावलं की वरचं रबर पापडासारखं मोडे. गाडीच्या कंपनीचं नाव आबा घेत नसत आणि दुसऱ्यांनी घेतलेलंही त्यांना खपत नसे. बाईमाणसाचं नाव चारचौघांत कशाला घ्यायचं, असं त्यांचं म्हणणं. ते तिला 'बाय' म्हणत.

दिवाळी झाली आणि आबांनी आळीत जाहीर केलं की महाशिवरात्रीला बाय वेळणेश्वरला जाणार. वेळणेश्वर हे काकींचं, म्हणजे त्यांच्या बायकोचं माहेर. महाशिवरात्रीची तिथली जत्रा काकींनी लहानपणापासून कधी चुकवली नव्हती. पण गेल्या पाच वर्षांत त्या गेल्या नव्हत्या, कारण एसटीत पाऊल ठेवायला त्या तयार नव्हत्या. भाऊ दरवर्षी निरोप धाडायचा आणि त्या दरवर्षी नाही म्हणायच्या. हे ऐकून मी मनात म्हटलं, बाई जरा शिष्ट दिसते.

तसं वाटायला मला कारण होतं. काकी कधी ओटीच्या खाली उतरत नसत. मी गेलो की चहा आणून स्टुलावर बरोबर मधोमध ठेवत, दोन शब्द बोलत आणि आत जात. पण बोलताना माझ्याकडे बघत नसत. एकदा स्टूल मी सोयीसाठी आपल्याकडे हातभर ओढून घेतलं. काकींनी कप नेहमीच्या जागी, म्हणजे हवेत ठेवला. चहा माझ्या धोतरावर, कपाचे तुकडे ओटीवर. आणि आबा ओरडले ते माझ्यावर. "मास्तर, या घरातली वस्तू हलवायची नाय." मी रागाने आठ दिवस त्यांच्याकडे गेलो नाही. कपापायी शेजाऱ्याचा अपमान करणारा हा कसला माणूस!

घरही चक्रमासारखंच होतं. वायरिंगची सागवानी पट्टी सगळे लोक छताजवळ मारतात. आबांनी ती कमरेच्या उंचीवर घरभर फिरवली होती. ओटी, माजघर, स्वयंपाकघर, मागची पडवी, तिथून थेट विहिरीपर्यंत. पुष्कळशा पट्टीवर वायरच नव्हती. कशाला ही, असं विचारलं तर म्हणत, "असूं दे. पट्टी कामाला येते." पस्तीस वर्षं पट्ट्या ठोकून माणसाचा हात थांबत नसेल, असा मी अर्थ लावला.

तर अशा माणसाने बायचं वायरिंग हाती घेतलं. घरांचं वायरिंग त्यांनी शेकड्याने केलेलं, मोटारीचं एकही नाही. त्यामुळे बायचंही त्यांनी घरासारखंच केलं. दाराच्या मुठीपासून सागवानी पट्टी निघाली, ती डॅशबोर्डला वळसा घालून मागच्या सीटपर्यंत गेली. पट्टीवर वायर, दर चार बोटांवर पत्र्याची क्लिप, क्लिपला बारीक खिळा. छताला होल्डर टांगला. फक्त कोनाडा आणि देव्हारा तेवढा राहिला.

स्टँडजवळच्या गॅरेजातले उस्मानभाई एक दिवस बघायला आले. मोटारीच्या वायरिंगमध्ये त्यांचा हात धरणारा जिल्ह्यात नव्हता. ते बराच वेळ आत वाकून बघत होते. मग त्यांनी आबांना समजावलं की मोटारीत दिव्याला एकच वायर न्यायची असते, परतीचं काम गाडीचा पत्राच करतो. प्रत्येक दिव्याला दोन-दोन वायरी घालून आबांनी दुप्पट खटाटोप केला आहे.

"पत्र्यावर भरवसा ठेवू?" आबा म्हणाले. "कोकणातला पत्रा. पावसाळ्याआधी हाय, पावसाळ्यानंतर नाय. वीज गेली नि वाटेतच अडकली तर?"

उस्मानभाई हसले आणि नवी बॅटरी लावून बघू म्हणाले. आधी त्यांनी आपल्या पद्धतीने, पत्र्याला वायर टेकवून एक दिवा लावला. गंजलेल्या पत्र्यातून तो जेमतेम मिणमिणला. मग आबांच्या दोन वायरींवर लावला, तर लख्ख. पुढच्याच महिन्यात एका आंब्याच्या ट्रकला उस्मानभाईंनी गुपचूप परतीची वायर घातली, हे आबांनी मला निदान दहा वेळा सांगितलं.

पण उस्मानभाईंचा दुसरा आक्षेप खरोखर बिनतोड होता. दिव्यांचे सगळे स्विच आबांनी डाव्या बाजूला, चालवणाऱ्याच्या शेजारच्या सीटपुढे लावले होते. चालवणाऱ्याचा हात तिथे पोचणं शक्य नव्हतं. मग दिवा लावणार कोण?

"घरात दिवा कोण लावतं?" आबांनी उलट विचारलं. उस्मानभाईंनी माझ्याकडे बघून कपाळाला हात लावला, आणि मीही डोळ्यांनीच त्यांना दुजोरा दिला.

हॉर्नलाही आबांनी घरातलाच स्विच लावला होता. पहिल्यांदा तो खाली केला तेव्हा हॉर्न वाजू लागला तो वाजतच राहिला, आणि नेमका त्याच वेळी स्विचचा दांडा मोडून आबांच्या हातात आला. सगळी आळी गोळा झाली. समोरच्या घरातले आजोबा कुणाची तरी वरात आली समजून टोपी घालून बाहेर आले. शेवटी आबांनी फ्यूज उपसला, दांडा खिशात टाकला आणि "इथं घंटीचं बटन पायजे होतं" एवढंच म्हणून ते आत गेले. दुसऱ्या दिवशी दारावरच्या घंटीचं पांढरं बटण बसलं. तेही डावीकडेच.

महाशिवरात्रीच्या दोन दिवस आधी संध्याकाळी आबांनी मला बोलावलं. अंगणात गाडी धुऊनपुसून उभी होती. ओटीच्या पायरीपासून गाडीच्या दारापर्यंत त्यांनी चार खुंट्या ठोकून त्यावर एक लांब पट्टी मारली होती. मी विचारणार, एवढ्यात काकी बाहेर आल्या. नवं लुगडं नेसल्या होत्या. त्यांनी ओटीवरच्या पट्टीवर बोटं टेकली, पट्टीवरून बोटं सरकवत त्या पायरीशी आल्या, तिथे थांबल्या. इतका वेळ थांबल्या की आता परत फिरतात असं मला वाटलं. आबा गाडीत जाऊन बसले होते. त्यांनी हाक मारली नाही, मदतीलाही आले नाहीत. स्टिअरिंग दोन्ही हातांनी धरून समोर बघत होते.

काकी उतरल्या. अंगणातल्या पट्टीवरून बोटं सरकत दाराच्या मुठीला लागली, मुठीवरून गाडीतल्या पट्टीवर गेली. त्या सीटवर बसल्या. हात जराही न चाचपडता पुढे गेला आणि स्विच खटकन वाजला.

"लागला काय वो?" त्यांनी विचारलं.

समोरची अख्खी भिंत उजळली होती. "लागला," आबा म्हणाले.

तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. आठ महिने मी या बाईच्या हातचा चहा पीत होतो. आळीत सगळ्यांना माहीत होतं, म्हणून मला वेगळं सांगायचं कुणाला सुचलं नव्हतं. आणि मी त्यांना शिष्ट म्हणत होतो. मला माझीच लाज वाटली.

काकी आत गेल्यावर आबा आपणहून बोलले. "काचबिंदू. सात वर्सं झाली. आमीच उशिरा नेली, मग काय उपेग नाय." थोडा वेळ ते फडक्याने काच पुसत राहिले. "घरात ती राणी हाय, मास्तर. पन पाच वर्सामागं मी तिला चिपळूनच्या स्टँडवर बसवली नि पानी आनाया गेलो. गाडी दुसरीकडं लागली म्हनून लोकांनी तिला उठवलनी. मी परत आलो तर बाकड्यावर कोन नाय. अर्ध्या तासानं गावली. खांब धरून उभी होती. तवापासनं म्हनते, मी आता घराभायेर येनार नाय." त्यांनी फडकं पिळलं. "म्हटलं, घराभायेर येत नाय ना? मग घरच घेऊन जाऊ."

महाशिवरात्रीच्या आदल्या दिवशी सकाळी ती दोघं निघाली. हातखंबा, संगमेश्वर, सावर्डे, चिपळूण आणि मग गुहागरकडे असा दिवसभराचा रस्ता. उस्मानभाई मुद्दाम आले होते. वाटेत काय होईल याची मला धास्ती होती, आबांना मुळीच नव्हती. गाडी आळीच्या टोकाला गेली तेव्हा आबांचा आवाज ऐकू आला, "वळण." आणि लगेच हॉर्न वाजला. पुढच्या नाक्यावर पुन्हा "वळण", पुन्हा हॉर्न. तिसऱ्या वळणाला आबांचा आवाज पोचला नाही, नुसता हॉर्न आला. काकी तो जरा जास्तच वेळ दाबून धरत होत्या. उस्मानभाई म्हणाले, बटण जळेल अशाने. पण त्यांचा आवाज काही तक्रारीचा नव्हता.

घराची किल्ली आबांनी माझ्याकडे दिली होती. चौथ्या दिवशी दुपारी मी वह्या तपासत होतो आणि लांबून, नाक्याच्याही पलीकडून, तो हॉर्न आला. तसाच लांबलेला. मी वही टाकून धावलो. फाटक उघडलं, कुलूप काढलं, आणि ओटीवर नजर टाकली. मागच्या तीन दिवसांत शेजारची पोरं तिथे खेळून गेली होती. स्टूल हातभर सरकलेलं होतं.

मी ते उचललं आणि होतं तिथे, बरोबर त्याच जागी ठेवलं. मग फाटकाशी जाऊन उभा राहिलो.