वळायला जागा

"भाईजान, तुम्ही नका येऊ. तुमाले तरास होईन," शाकिर म्हणाला, आणि शकूरने शिलाई मशीनचं बटण बंद केलं.

हे वाक्य शकूरला नवं नव्हतं. धामणगाव बढेच्या बाजारात त्याचं टेलरिंगचं दुकान. लहानपणीच्या पोलिओने डावा पाय बारीक राहिलेला, काखेत कुबडी, बाकी गडी ठणठणीत. पण नातेवाइकांना त्याच्या त्रासाची केवढी काळजी! वरच्या मजल्यावर कुठलीही दावत असो, शकूरला त्रास म्हणून कसा तो त्यांनी होऊ दिला नव्हता. त्याला घरीच ठेवायचं आणि डबा पाठवायचा. डब्यातली बिर्याणी गार झालेली असे, पण प्रेम भरपूर असे.

यावेळी मात्र गोष्ट त्याच्या जिवाला लागली. शाकिर हा त्याच्या धाकट्या बहिणीचा, सबीहाचा नवरा. त्यांच्या उमैमाचं मलकापूरच्या फैजानशी जमलं होतं आणि रविवारी मुलाच्या घरी जाऊन बात पक्की करायची होती. अशा वेळी मुलाच्या तोंडात मिठाईचा पहिला तुकडा मुलीच्या मामूनेच घालायचा, ही त्यांच्या घरची चाल. उमैमा चालायला शिकली तीच मुळी शकूरची कुबडी धरून. तिचे शाळेचे कपडे, ईदचे कपडे, सगळे याच मशीनवर शिवलेले. आणि आता मिठाई भरवायला जाणार होता शाकिरचा धाकटा भाऊ. तो मामू नव्हता, पण त्याला पायऱ्या चढता येत होत्या.

"जिना लय उभा हाय, भाईजान. शिडीच समजा. आम्ही व्हिडिओ कॉल लावतो न."

"मंग मिठाई काय मोबाईलले खाऊ घालू?"

"आता तुमच्या भल्यासाठीच म्हणून राह्यलो मी," शाकिर म्हणाला आणि जीप ठरवायला निघून गेला.

रविवारी जीप निघण्याच्या कितीतरी आधी शकूर आपल्या स्कूटरवर बसून मलकापूरच्या रस्त्याला लागला होता. जिन्याखाली उभं राहायचं, फैजानला खाली बोलवायचं, तुकडा भरवायचा आणि परत यायचं, एवढाच त्याचा बेत. पुढच्या डिकीत बर्फीचा डबा होता.

आता या स्कूटरबद्दल सांगितलं पाहिजे. तिच्या मागच्या चाकाच्या दोन्ही बाजूंना एकेक जास्तीचं चाक बसवलेलं. पुढे झकास पळते, पण मागे येत नाही. दुसरा कोणी असता तर उतरून ओढली असती. शकूर उतरला की त्याला कुबडी सांभाळायची असते. त्यामुळे कुठल्याही गावात तो आधी वळायला जागा बघतो. लोकांना मोताळा आठवतो तिथल्या नातेवाइकांवरून, शकूरला आठवतो तो गाडी कुठल्या चौकात फिरते त्यावरून. उतारावर गाडी लावायची नाही आणि घरून निघताना चहा घ्यायचा नाही, हेही त्याचे नियम. चहाचं कारण असं की पायऱ्या नसलेली मुतारी त्याला अजून सापडायची आहे.

मलकापुरात गल्लीच्या तोंडाशी त्याने पानवाल्याला विचारलं, "फैजानचं घर याच गल्लीत न? पुढं वळाले जागा हाय का?"

"वळाले कायची जागा लागते? घुसा बिनधास्त."

त्या बिचाऱ्याला जन्मात कधी वळायला जागा लागली नव्हती. अशा माणसाचं ऐकायचं नाही, हे शकूरला पक्कं ठाऊक होतं. पण डोक्यात बर्फी होती. तो घुसला.

गल्ली सुरुवातीला बरी होती. मग ती अरुंद होत गेली, आणि फैजानच्या दारापाशी तर तिने कमालच केली. घराच्या जिन्याची खालची पायरी थेट गल्लीत आलेली, समोर नालीची उंच फरशी. डावं चाक पायरीला भिडलं, उजवं फरशीत अडकलं, आणि कुबडी चाक आणि पायरीच्या मधे सापडली. गाडी पुढे जाईना, मागे येईना, आणि शकूरला उतरता येईना. जिन्याचं तोंड मात्र बाटलीला बूच बसावं तसं बंद झालं.

तेवढ्यात मागून वरात आली. जीप चौकात लावून मंडळी पायी येत होती. पुढे सफरचंदांची टोपली घेतलेला शाकिर, मागे तबकं घेतलेल्या बायका.

"भाईजान? तुम्ही इथं काऊन?"

"तरास होऊन राह्यला," शकूर म्हणाला. "पण या वेळेस तुमाले."

शाकिरने गाडी ओलांडून जायचं ठरवलं. जास्तीच्या चाकावर पाय दिला, दुसरा उचलला, आणि त्याचा नवा कुर्ता आरशात अडकला. तो ना अलीकडे ना पलीकडे.

"हळू, मिया. शिलाई माही हाय, ते नाही उसवाची. कपडा तुमचा हाय, त्याचं मी सांगत नाही."

शाकिर जसा चढला तसा उतरला. एव्हाना जिन्यात मुलाकडची माणसं जमली होती. एकीकडे मुलाकडचे, दुसरीकडे मुलीकडचे आणि मधे शकूर. सलाम त्याच्या डोक्यावरून गेले, सफरचंदं त्याच्या मांडीवरून गेली, आणि वरून आलेलं सरबत त्याच्याच हातून मागे गेलं. बिनचहाचा निघालेला माणूस. एक पेला त्याने वाटेतच ठेवून घेतला.

फैजानचे अब्बा म्हणाले, "चार पोरं बोलावतो. तुमाले गाडीसकट उचलून मागं नेतीन."

इथे शकूरच्या डोक्यात उजेड पडला. आयुष्यात पहिल्यांदा अशी जागा मिळाली होती, की त्याला टाळून कोणाला वर जाता येत नव्हतं. ती सोडायला तो काही वेडा नव्हता.

"गाडी मागं गेली का मी मागं गेलो," तो म्हणाला. "मंग तुम्ही सारे वरतं, अन् मी पानवाल्यापाशी. तवा आधी मिठाई, मंग गाडी."

"गल्लीत कुठी बात पक्की होते का?" शाकिर वैतागला. "लोक काय म्हणतीन?"

"खाली काय चाललं बे?" जिन्याच्या वरच्या टोकाहून आवाज आला. ती फैजानची दादी, गुलनारबी.

"काही नाही, अम्मी. तुम्ही नका उतरू. तुमाले तरास होईन," अब्बांनी सांगितलं.

शकूरने झटकन मान वर केली. घरचंच कोणी भेटल्यासारखं वाटलं त्याला.

गुडघे गेल्यापासून गुलनारबी वरच्या मजल्यावरच होत्या. आज मात्र त्या जिन्यावर बसल्या आणि बसल्या बसल्या एकेक पायरी उतरू लागल्या. कोणी हात धरायला गेलं की फटका देत. शेवटच्या पायरीपर्यंत येऊन त्या टेकल्या. समोर शकूर.

"तुम्ही पोरीचे मामू?"

"जी, दादी."

"मंग वरतं कोण वाट पाह्यते? फैजान, बस इथं."

फैजान पायरीवर बसला. शकूरने डिकीतून डबा काढून घेतला आणि बर्फीचा तुकडा उचलला.

"मामू, बरं झालं आले तुम्ही," फैजान हळूच म्हणाला. "उमैमानं सांगतलं होतं, मामूच्या हातची नाही खाल्ली तर मले फोन करू नोको."

शकूरला भरून आलं. मग त्याने दुसरा तुकडा भरवला, आणि तिसराही. मागे सबीहा डोळ्याला ओढणी लावून रडत होती, आणि शाकिर मोबाईलवर हे सगळं उमैमाला दाखवत होता. व्हिडिओ कॉल अखेर कामी आला.

"चला, आता वरतं जेवाले," अब्बा म्हणाले.

पण गुलनारबींची नजर स्कूटरवर होती. "हे सीट पायरीच्या बरोबर हाय," त्या म्हणाल्या, आणि कोणी काही म्हणायच्या आत पायरीवरून सरकून शकूरच्या मागे जाऊन बसल्या. "आता ओढा रे पोराहो."

पोरांनी जोर लावून चाकं सोडवली आणि दोघांना पानवाल्यापर्यंत मागे ओढत नेलं.

"कुठी जायचं, दादी?"

"आधी बाजारात. मंग स्टेशनवर. रेल्वे पाह्याची हाय मले."

घरची थोरली बाई आणि मुलीचा मामू आल्याशिवाय दस्तरखानावर हात कसा घालायचा? दोन्हीकडची माणसं वर ताटकळत बसून राहिली. ती दोघं परतली तेव्हा बिर्याणी पार गार झाली होती. सगळ्यांनी तशीच खाल्ली, आणि शकूरसाठी मात्र डबा भरून खाली आला.

पुढे महिन्याभराने शाकिर दुकानात आला. खुशीत होता.

"भाईजान, हॉल पक्का केला. मलकापुरातच. पहिल्या मजल्यावर हाय, पण तुम्ही टेन्शन नका घेऊ. तुमच्यासाठी खाली खास खुर्ची ठेवू, कूलर लावू. वरतं याचा तरासच नाही."

शकूरने सुईत दोरा ओवला, गाठ मारली आणि मगच मान वर केली.

"ते झालं, शाकिरमिया. पण हॉलच्या दारापुढची गल्ली केवढी रुंद हाय?"

शाकिरने खिशातून मोबाईल काढून हॉलवाल्याला विचारलं, तळमजल्यावर काही जमते का.