जप्तीचं कपाट

रविवारी दुपारी सर स्वयंपाकघरातल्या टेबलावर पाकिटं चिकटवत बसले होते आणि डिंकाच्या बाटलीचं बूच सापडत नव्हतं.

"बूच पाहिलंस का गं?"

"तुमच्या कोपराखाली आहे," मुलगी चहा गाळता गाळता म्हणाली.

सरांनी कोपर उचललं. बूच बाहीला चिकटून वर आलं. ते सोडवण्यात पाच मिनिटं गेली आणि तेवढ्या वेळात बाटली आडवी झाली. हा त्या दिवसातला सगळ्यात मोठा प्रसंग होता.

सर एका हायस्कुलात भूमिती शिकवत आणि पर्यवेक्षक म्हणून वर्षभर वस्तू जप्त करत. मोबाइल त्याच दिवशी पालकांच्या हाती जाई. पण चेंडू, भोवरे, आरसे, पत्त्यांचे जोड, शिट्ट्या, एक खोटी मिशी आणि एक रबरी पाल असा ऐवज त्यांच्या खोलीतल्या कपाटात जमे. वर्ष संपत आलं की सर पिशवी भरून सगळं घरी आणत. प्रत्येक वस्तू खाकी पाकिटात घालत, सोबत एक चिठ्ठी ठेवत आणि पाकीट डिंकानं बंद करत. वर मात्र मुलाचं नाव लिहीत नसत. लिहीत ते असं: ‘खिडकीतला’, ‘जांभई’, ‘उद्या देतो सर’.

"सरळ नावं का नाही लिहीत, बाबा?"

"नाव लिहिलं की मी विसरायला मोकळा. असं लिहिलं की पोर आठवावं लागतं." त्यांनी एक पाकीट उचलून उजेडात धरलं. "यंदा येतेस का शेवटच्या दिवशी? पाकिटं वाटायला जरा हात मिळेल."

हा प्रश्न ते दरवर्षी विचारत.

"बघू," ती म्हणाली. हे उत्तर ती दरवर्षी देई. मग बसची वेळ झाली म्हणून ती निघाली. पायऱ्या उतरताना तिला ऐकू आलं, "बूच कुठं गेलं परत?"

सोमवारी सकाळी सरांनी पिशवी शाळेत पोचती केली, पाकिटं कपाटात लावली आणि चार तास घेतले. मंगळवारी सकाळी बूट घालायला ते खुर्चीत बसले आणि बसूनच राहिले. एक बूट पायात होता. दुसऱ्याची नाडी सोडून ठेवलेली होती.

दोन आठवड्यांनी मुलीला शाळेच्या मुख्याध्यापिकेचा, म्हणजे मोठ्या बाईंचा, फोन आला. त्या एका दमात म्हणाल्या, "कपाटात सत्तेचाळीस पाकिटं आहेत आणि एकावरही नाव नाही. परवा निकाल आहे. तुम्ही याल का? तासाभराचं काम आहे हो."

तासाभराचं काम नव्हतं. शाळेत ‘ना-बाकी’ नावाचा एक फॉर्म होता. ग्रंथालयाचं पुस्तक बाकी नाही, प्रयोगशाळेची नळी बाकी नाही, जप्तीच्या कपाटात काही बाकी नाही, अशा तीन सह्या झाल्याखेरीज कोणालाही निकालपत्र मिळत नसे. फॉर्म हेडक्लार्कनी काढलेला होता आणि त्याच्यावर त्यांचा स्वतःच्या नातवंडांएवढा जीव होता.

"तिसरी सही पर्यवेक्षकांची लागते," ते म्हणाले.

"पण ते..." मोठ्या बाई थांबल्या.

"म्हणून म्हणतोय. सही नसेल तर कपाट तरी रिकामं दिसलं पाहिजे. एक पाकीट जरी उरलं तरी मी निकाल सोडणार नाही. आज नियम वाकवला तर उद्या शाळाच वाकेल."

मुलगी एका ग्रंथालयात कामाला होती. वस्तू ज्याची त्याला देणं आणि वेळेत परत घेणं ह्यात तिची बारा वर्षं गेली होती. तिला वाटलं, हे जमेल. मोठ्या बाई तिला नववीच्या वर्गात घेऊन गेल्या आणि म्हणाल्या, "मुलांनो, ह्या आपल्या सरांच्या..." इथं त्या वळून आधीच स्वच्छ असलेला फळा पुसायला लागल्या.

"मी ग्रंथालयातून आलेय," मुलीनं घाईनं वाक्य पुरं केलं. "मदतीला."

शब्द तोंडातून गेल्यावर तिला ते टाळणं ओळखीचं वाटलं. पण फळा समोर होता आणि खडू हातात होता, त्यामुळे ती कामाला लागली.

पाकिटं चाचपून तिनं फळ्यावर यादी केली. चेंडू सहा, शिट्ट्या दोन, पाल एक. मग ज्याची वस्तू त्यानं येऊन सांगावं असं जाहीर केलं. सहा चेंडूंना एकोणीस मालक मिळाले. त्यातला एक म्हणाला, त्याचा चेंडू लाल होता.

"ह्या पाकिटाच्या फटीतून हिरवा दिसतोय," ती म्हणाली.

"उन्हानं झाला असेल, बाई."

"कपाटात?"

"कपाट खिडकीजवळ आहे ना!"

रबरी पालीला मात्र एकही मालक मिळाला नाही, कारण ती जप्त झाली तेव्हा मोठ्या बाईंच्या खुर्चीवर होती.

दुपारी शिक्षकांच्या खोलीत सभा बसली. पाकिटांवरच्या नावांवरून मुलं ओळखायची असं ठरलं.

"‘जांभई’," मुलीनं वाचलं.

सगळ्यांनी खेळाच्या सरांकडे पाहिलं.

"माझ्याकडे काय बघता? मी सकाळी पाचला उठतो!"

"म्हणूनच," कोणीतरी म्हणालं.

"‘सुई’."

भूगोलाच्या बाई एकदम लाल झाल्या. "ते इकडे द्या. माझं आहे. परीक्षेच्या वर्गावर स्वेटर विणत होते, सरांनी सुई काढून घेतली."

"तुमचीसुद्धा?" मोठ्या बाई म्हणाल्या. "कमाल झाली!"

"एक शिट्टी कोणाची आहे ते सांगू का, बाई?"

मोठ्या बाईंनी विषय पुढे न्यायला सांगितलं.

शेवटी खेळाचे सर वैतागले. "उघडून बघा ना एकेक! त्यात काय एवढं?" असं म्हणून त्यांनी एक पाकीट टरकन फाडलंच. खोटी मिशी निघाली, तिच्यामागे चिठ्ठी. ती त्यांनी मोठ्यानं वाचायला घेतली: "‘मिशी परत करतोय. वडिलांची नक्कल तू वर्गात फार उत्तम करतोस. एकदा त्यांनाच करून दाखव. आधी रागावतील, मग...’"

खेळाचे सर थांबले. त्यांनी चिठ्ठीची घडी घातली, पाकिटात सरकवली आणि डिंक मागितला. नंतर कोणी काही फाडायला गेलं नाही.

निकालाच्या दिवशी सगळी शाळा सभागृहात बसली. दाराशी हेडक्लार्क निकालपत्रांचे गठ्ठे छातीशी धरून उभे होते. मुलगी व्यासपीठावर गेली. दुसरं काहीच सुचत नसल्यानं तिनं पहिलं पाकीट उचलून वाचलं, "‘उद्या देतो सर’."

अर्धं सभागृह उठून उभं राहिलं.

तिनं ते खाली ठेवून दुसरं घेतलं. "‘स्वतःला शहाणा समजणारा’."

मुलांतून कोणी हललं नाही. दाराशी हेडक्लार्क एक पाऊल पुढे आले, मग चष्मा पुसायला लागले.

"बाई, असं नसतं!" पहिल्या रांगेतून दोन वेण्यांची एक मुलगी उठली. नववीतली होती. "आम्ही कालपासून सांगायला बघतोय, कोणी ऐकतच नाही. बाकीचे शिक्षक तेव्हा निकालपत्रांच्या गडबडीत असायचे, त्यांना माहीतच नाही. सर तीन प्रश्न विचारायचे. काय आहे, कोणाचं आहे, का गेलं. सगळ्यांसमोर खरं सांगायचं. खरं सांगितलं की सरांना कळायचं आणि आम्हालाही कळायचं पाकीट कुठलं ते. आणि मागच्या बाकापर्यंत ऐकू गेलं पाहिजे, नाहीतर परत सांगायचं."

"आणि खोटं सांगितलं तर?"

"सगळ्या शाळेसमोर? ह्यांच्यासमोर?" तिनं मागे हात केला. "खातील ना बाई ती!"

तसंच करायचं ठरलं. एक उंच मुलगा उठला आणि पुटपुटला, "चेंडू. माझा."

"ऐकू नाही आलं!" मागच्या रांगा एका सुरात ओरडल्या. हे नेहमीचं असावं, कारण मुलगा हसला आणि मोठ्यानं म्हणाला, "चेंडू! माझा! तीन काचा फोडल्या आणि चौथी सरांच्या खोलीची, म्हणून गेला! वह्या तर मी अजून दिल्या नाहीयेत!"

‘उद्या देतो सर’ त्याच्या हाती गेलं. बाकीचे उभे राहिलेले पटापट बसले.

मग सगळं सुरळीत चाललं. मिशीवाला आला आणि चिठ्ठी वाचून थेट पालकांच्या रांगेकडे बघत राहिला. रबरी पालीचा मालक पालीपेक्षाही थंड चेहऱ्यानं उठला. मोठ्या बाईंनी त्याला पाहिलं आणि त्यानं मोठ्या बाईंना. एक मुलगी वर्षभरात कोणी आवाज ऐकला नसेल अशी होती. आरसा मागताना ती म्हणाली, "मी दिसते का ते बघत होते." ह्या वेळी मागून कोणी ओरडलं नाही. सर्वांनाच ऐकू आलं होतं. शेवटी खुद्द मोठ्या बाई उठल्या आणि शिक्षकांच्या खोलीत शांतता करायला आपण शिट्टी कशी वाजवली ते सांगू लागल्या. सभागृह हसलं, बाई हसल्या, आणि हसता हसता त्यांनी पदर डोळ्यांना लावला तो बराच वेळ काढला नाही.

टेबलावर एक पाकीट उरलं.

ते बाकीच्यांपेक्षा जुनं होतं. कडा मऊ पडल्या होत्या, डिंकावर डिंक चढला होता. वर सरांच्या अक्षरात लिहिलं होतं: ‘गोष्ट अर्धी सोडून गेलेली’.

"हे नाही कोणी घेत," दोन वेण्यांची म्हणाली. "दरवर्षी उरतं. सर नाव पुकारायचे, मिनिटभर दाराकडे बघायचे, मग म्हणायचे, ‘पुढच्या वर्षी.’ आम्ही हसायचो."

"दाराकडे?"

"हो ना. कोणी यायचं असल्यासारखे."

हेडक्लार्क पुढे आले. "फॉर्मवर ते स्वतःच लिहायचे. ‘एक शिल्लक, पुढच्या वर्षी.’ मी चालवून घ्यायचो." मुलांना त्यांचा हा नियमभंग प्रथमच कळत होता. "पण आता पुढच्या वर्षी कोण..." त्यांनी गठ्ठे एका हातातून दुसऱ्या हातात घेतले. "एक पाकीट बाकी आहे, बाई. मी काय करू, तुम्हीच सांगा."

काल घाईत नुसतं ‘पुस्तक’ म्हणून यादीत लिहिलेलं ते पाकीट मुलीनं आता नीट चाचपलं. जाड पुठ्ठा, मागे मुडपलेला एक कोपरा. तो तिनंच मुडपला होता. सातवीत, भूमितीच्या तासाला.

ह्याच शाळेत ती शिकली होती. "फाटकाच्या आत मी सर," असं त्यांनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, गुणांवरून कोणी बोलू नये म्हणून. तिला ते फारच सोयीचं पडलं. सरांना सगळी शाळा टरकून असे आणि मधल्या सुट्टीत त्यांच्या चालण्याची नक्कल होई. तीही हसे. एकदा शेजारी बसलेल्या नव्या मुलीनं विचारलं, "हे सर तुझे कोण लागतात का गं? नाक सेम आहे." ती म्हणाली, "कोणी नाही." वळून पाहिलं तर सर मागच्या बाकाशी उभे होते. त्यांनी ऐकलं की नाही ते तिला कधी कळलं नाही. तिनं विचारलंही नाही. त्यांनी फक्त हात पुढे केला आणि बाकाखालचं पुस्तक घेतलं. तेव्हा ते तीन प्रश्न नव्हते; वर्षाच्या शेवटी नुसतं नाव पुकारलं आणि ती खाली बघत बसून राहिली. पुढे शाळा बदलली, गाव बदललं. दरवर्षी बाबांचा तोच प्रश्न येई आणि ती म्हणे, बघू.

ती व्यासपीठावरून खाली उतरली आणि मुलं उभी राहत होती तिथं जाऊन उभी राहिली. पाकीट तिनं दोन वेण्यांच्या मुलीच्या हातात दिलं.

"तू पुकार."

दोन वेण्यांची गोंधळली, पण वर गेली. "‘गोष्ट अर्धी सोडून गेलेली’!"

सरांच्या मुलीनं हात वर केला.

सभागृहात खसखस पिकली. मग ती विरली.

"काय आहे?" दोन वेण्यांचीनं वरून विचारलं.

"पुस्तक. शेवटची अकरा पानं वाचायची राहिलीयत."

"कोणाचं?"

"माझं."

"का गेलं?"

"बाकाखाली धरून वाचत होते."

"मग इतकी वर्षं न्यायला का नाही आलात?"

हा चौथा प्रश्न होता. नियमात बसत नव्हता. तिनं हेडक्लार्ककडे पाहिलं. ते हरकत घेतील असं तिला वाटलं. त्यांनी गठ्ठे बाकावर ठेवले होते आणि ते स्वतःच्या बुटांकडे बघत होते.

"शेजारच्या मुलीनं विचारलं होतं, सर तुझे कोण. मी म्हटलं, कोणी नाही." तिचा आवाज अगदी बारीक झाला. "ते माझे बाबा."

"ऐकू नाही आलं!" मागच्या रांगा सवयीनं ओरडल्या.

तिनं मान वर केली. समोर दार उघडंच होतं.

"ते माझे बाबा!" ती शेवटच्या बाकापर्यंत ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं म्हणाली.