तळं नव्हतं: ठराव क्रमांक अकरा

जमीन आहे तिथेच राहते, सुधारत जातात ते नकाशे. ताथवड्यातल्या आमच्या सोसायटीखालची जमीन हा या प्रगतीचा उत्तम नमुना आहे. १९२६च्या नकाशात तिथे तळं आहे आणि भोवती निळ्या गवताचे तुरे, म्हणजे दलदल. १९५८च्या नकाशात तळं निम्मं, तुरे तेवढेच. १९८०मध्ये नुसते तुरे. बिल्डरच्या नकाशात क्लबहाऊस. (तळ्याने कुठेही लेखी हरकत नोंदवलेली नाही.)

१९२६चा नकाशा लॉबीत फ्रेम करून लावलाय. बिल्डरनेच लावला, जुनं काहीतरी असलं की भारी दिसतं म्हणून. खुणांचे अर्थ फ्रेमच्या पट्टीखाली गेल्यामुळे सात वर्षं आम्ही पाहुण्यांना ते तुरे दाखवून सांगत होतो, "इथे पूर्वीपासूनच लॉन होतं."

घोळ घातला तळमजल्यावरच्या प्रभावतीबाईंनी. दर जुलैत त्यांच्या घरात पाणी येतं, तेही फरशीच्या सांध्यांतून. (दारातून येणाऱ्या पाण्यासाठी सोसायटीकडे तक्रार-अर्ज आहे. खालून येणाऱ्यासाठी नाही.) त्यांनी फ्रेम उतरवली, खुणांचे अर्थ वाचले आणि क्लबहाऊसमध्ये सभा बोलवायला लावली. मागणी एकच: ही जागा दलदलीची आहे असं सोसायटीने लिहून द्यावं, म्हणजे पावसाआधी पाणी बाहेर काढायची लाइन मंजूर होईल.

अध्यक्ष हिंदुराव, राहणार सातवा मजला, म्हणाले, "बाई, असं लिहून दिल्यावर आमचे फ्लॅट कोण घेणार?"

"मागच्या वर्षी रिकामा सिलिंडर तरंगत हॉलमध्ये आला, हिंदुराव. त्याला काय चहा विचारू?"

प्रश्न इतिहासाचा असल्याने मतदान घेतलं. दुसऱ्या मजल्यापासून वर शंभर टक्के लोकांच्या मते तळं कधीच नव्हतं. तळमजल्यावर शंभर टक्के लोकांच्या मते ते अजून आहे. पहिल्या मजल्यावरचे शोएबभाई म्हणाले, "मी तटस्थ, राव. जुलैत विचारा."

एकोणपन्नास विरुद्ध चार मतांनी तळं नव्हतं.

प्रभावतीबाई शांतपणे म्हणाल्या, "मान्य. तळंच नाही तर भीती कसली? जून ते सप्टेंबर चिठ्ठ्या टाकून घरं बदलू या."

पुढचं इतिवृत्त थोडक्यात देतो. अकरा जणांना एकदम शिफ्ट आठवली. चार जणांच्या कुकरला शिट्ट्या झाल्या (सातव्या मजल्यावरच्या, क्लबहाऊसमध्ये ऐकू आल्या). गुडघ्यांपायी लिफ्टची रोज तक्रार करणारे हिंदुराव जिन्याने वर गेले. गणसंख्येअभावी सभा तहकूब झाली, ठराव तेवढा कायम राहिला. फ्रेमही परत लागली. तुऱ्यांवर आता पार्किंगचे नियम चिकटवलेत.

मी सचिव. माझं मत गुप्त आहे (पाचवा मजला).

तुम्हाला प्रभावतीबाईंचं म्हणणं पटलं असेलच. वाचताना सगळ्यांनाच पटतं. चिठ्ठ्यांचा डबा अजून त्यांच्या दारात ठेवलाय, आत एकच चिठ्ठी आहे, त्यांची.

तुमचा मजला कितवा म्हणालात?