बँकॉक जवळ, खालचा मजला लांब

पायल विमानात बसणार होती आणि पाय मात्र तिच्या वडिलांचे, शंकररावांचे, जमिनीला लागत नव्हते! आनंदनगर एमआयडीसीतल्या कंपनीने तिला नवं मशीन शिकायला बँकॉकला धाडलं होतं. घराण्यातलं पहिलं विमान! बदलापूरच्या मांजर्लीतल्या त्यांच्या बिल्डिंगमध्ये ही बातमी ज्याला ठाऊक नाही, असं मांजरसुद्धा उरलं नव्हतं.

"मुंबई ते बँकॉक तीन हजार किलोमीटर. सव्वाचार तास, बस्स!" शंकररावांनी नकाशावर पट्टी ठेवून रेघ मारली. रेघ बदलापूरला चाटून गेली. "म्हणजे आपल्या डोक्यावरूनच जाणार की! सगळ्यांनी गच्चीवर यायचं, टाटा करायला!"

सगळी बिल्डिंग वर आली. मागे चोर शिरू नये म्हणून शंकररावांनी खालच्या जाळीच्या गेटला आतून नवंकोरं कुलूप ठोकलं आणि चावी घरातल्या खिळ्याला अडकवली. दुसरी चावी मुलाकडे, भूपेशकडे. तो गाडीने बहिणीला सोडायला गेला होता. विमान उडेपर्यंत एअरपोर्ट सोडायचा नाही, अशी वडिलांची सक्त ताकीद होती.

आणि विमान आलं! शंकररावांनी चादर अशी फडकवली की शेजारच्या भिमाबाईंच्या वाळत घातलेल्या कुरडया चौफेर उधळल्या.

"तीच! हात केला बघ तिने!" त्यांचे डोळे भरून आले.

तेवढ्यात वाऱ्याने गच्चीचं दार धाडकन आपटलं आणि जिन्याच्या बाजूची कडी पडली. ती काढायला खाली होतं कोण? कोणीच नाही! भूपेशला फोन लागला.

"निघालोच पप्पा, दोन तासांत आलो!"

ऊन तापलं. पोरं कच्च्या कुरडया चघळू लागली. समोरच्या बिल्डिंगमधून महिपती ओरडला, "काय शंकरराव, विमान गेलं ना? मग उतरा की!"

"हवा खातोय!" शंकरराव ऐटीत म्हणाले.

"अहो, महिपतीलाच सांगा ना गेटचं कुलूप फोडायला," भिमाबाई कळवळल्या.

"त्याच्यापुढे इज्जत घालवू? परदेशी जाणाऱ्या पोरीचा बाप आहे मी!"

दोन तासांनी भूपेशचा फोन आला. "पप्पा, शिळफाट्याला कंटेनर आडवा झालाय. फुल जाम!" आणखी तासाभराने परत फोन. "पप्पा, अजून तिथेच!"

सगळे चादरीखाली दाटीवाटीने बसले असताना पुन्हा फोन वाजला.

"जय भीम पप्पा! पोचले मी बँकॉकला! तुम्ही कुठे आहात?"

"जय भीम बाळा," शंकररावांनी चादर बाजूला सारली. "आम्ही? तुला टाटा करतोय अजून!" मग फोन छातीशी धरून ते गरजले, "बघा! भाऊ अजून शिळफाट्यावर आणि माझी पोरगी समुद्र ओलांडून पोचलीसुद्धा!"

टाळ्या पडल्या. महिपतीनेही समोरून वाजवल्या. फक्त पायलच्या आईने, रखमाबाईंनी, पदराने घाम पुसला आणि नवऱ्याला विचारलं,

"परतीचं विमान इथूनच जातं ना? मग तिलाच सांगा, येताना तेवढी कडी काढ म्हणावं."